वाटाड्याचे सौजन्य

बदलीवर आलेल्या माणसाचे गावाशी असलेले नाते भाडेकरूचे असते. नळाला पाणी केव्हा येते, मुलांना शाळेत दुसरी भाषा कोणती घ्यावी लागते आणि कचेरीची बस कोठे मिळते, एवढे समजले की गाव समजले असे तो मानून चालतो. मीही तसेच मानले होते. चामराजपेटेत राहायला येऊन मला चार वर्षे झाली होती. परंतु ही वसाहत म्हैसूरचे दहावे चामराज वोडेयर यांच्या नावाने १८९२ साली आखली गेली, १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् वाढीला लागले त्याच्याही आधी बंगळूरने जुन्या कोटाबाहेर टाकलेल्या पहिल्या पावलांपैकी हे एक पाऊल, ही गोष्ट मला कळली ती एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता, काखेत छत्री धरलेल्या एका निवृत्त शाळामास्तरांच्या तोंडून.

जुन्या शहरातून अशा पायी फेऱ्या काढण्याची प्रथा अलीकडे बंगळुरात बरीच रूढ झाली आहे. ठरल्या जागी दहा-पंधरा माणसे जमतात, ओळखपाळख होते आणि वाटाड्याच्या मागोमाग दोन-अडीच तास हिंडून सर्वजण कोठेतरी दोसा आणि कॉफी घेऊन पांगतात. आमची फेरी कन्नड साहित्य परिषदेच्या दारातून निघाली. १९१५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे घर चामराजपेटेतच आहे, आणि तिच्यावरून मी रोज जात असे. वाटाड्यांना सगळे 'मेष्ट्रु' म्हणत होते. कानडीत मास्तरांना असेच म्हणतात. एका अंगणाभोवती पाच-सहा बिऱ्हाडे असलेले एक जुने 'वठार' त्यांनी प्रथम दाखवले. ते पाहून आमच्यापैकी एक बाई एकदम म्हणाल्या, "अहो, हा तर वाडाच!" तेव्हा मेष्ट्रु वळले आणि त्यांनी विचारले, "आपण मंडळी कोठली?"

चौदा जणांपैकी नऊ मराठी निघाले. कोणी नागपूरकडचे, कोणी रत्नागिरीचे, दोघे सोलापूरचे. सारेच या ना त्या केंद्रीय खात्यात नोकरीला. मेष्ट्रु मनापासून हसले, आणि त्या क्षणापासून आमच्या फेरीवर शहाजीराजे अवतरले.

लाकडी कमानींच्या टिपूच्या वाड्यासमोर उभे राहून त्यांनी शहाजीची कथा सांगितली. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजी या बाजूला आला, बंगळूर त्याला जहागीर मिळाले, येथे त्याने दरबार भरवला, पंडित आणि कवी बाळगले. जयराम पिंड्ये या कवीने त्या दरबाराचे वर्णन राधामाधवविलासचंपूत केले आहे आणि आपल्या राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२ साली छापला, हे सांगताना त्यांनी 'आपल्या' हा शब्द आमच्याकडे पाहून उच्चारला. बाल शिवाजी काही काळ येथे राहून गेला, हे ऐकताना आमच्यातल्या एका गृहस्थांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला. शहाजीचा वाडा आज उभा नाही, त्यामुळे तो कोठेही दाखवता येतो. मेष्ट्रुंनी तो दोनदा दाखवला, आणि दोन्ही वेळा निराळ्या ठिकाणी. आम्ही दोन्ही वेळा माना डोलावल्या.

पुढे कृष्णराजेंद्र मार्केटच्या अलीकडे किल्ल्याच्या उरलेल्या तटापाशी आलो. मूळचा मातीचा कोट केंपेगौडाने १५३७ मध्ये घातला, पुढे हैदरने १७६१ च्या सुमारास किल्ला दगडी केला, आणि २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तट फोडून तो घेतला. ज्या खिंडारातून इंग्रज आत शिरले तेथे तसे सांगणारी एक शिला बसवलेली आहे. मेष्ट्रुंनी तारीख सांगितली, किल्लेदार बहादूरखान तेथेच लढता लढता पडला हे सांगितले, आणि "चला, ऊन चढते आहे," म्हणून ते पुढे निघाले. अॅव्हेन्यू रोडवरून आम्ही चिक्कपेटेच्या चौकात गेलो. याच चौकातून केंपेगौडाने चार दिशांना चार नांगर सोडले आणि ते थांबले तेथे वेशी बांधल्या, अशी आख्यायिका आहे. तेथे फेरी संपली. कॉफी घेताना आमच्यातले एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, "इतकी वर्षे परक्या गावात आहोत असे वाटत होते, हे तर आपलेच गाव!" सर्वांना ते पटले. मलाही पटले, हे येथे नमूद केले पाहिजे.

दोन महिन्यांनी माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे शिवमोग्ग्याहून पाहुणे आले. त्यांच्यासाठी त्याने तीच फेरी ठरवली आणि मलाही ओढून नेले. मंडळी बरीच होती, मी मागे होतो, मेष्ट्रुंनी मला ओळखले नाही. या वेळी शहाजी एका वाक्यात आला आणि गेला. कोटे वेंकटरमणाच्या देवळापुढे मात्र ते बराच वेळ थांबले. हे देऊळ चिक्कदेवराजाने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. देवळासमोरच्या दगडी स्तंभाने इंग्रजांच्या तोफेचा गोळा अंगावर घेतला आणि टिपूचे प्राण वाचवले, असे लोक सांगतात. वेढ्याच्या दिवसांत टिपू किल्ल्यात नव्हता, बाहेर आपल्या फौजेबरोबर होता, हे मेष्ट्रुंनी हसत सांगून टाकले. मग ते म्हणाले, "पण टिपूचा आणि देवळांचा संबंध केवळ गोळ्यापुरता नाही," आणि त्यांनी शृंगेरीची हकिकत सांगितली.

हकिकत ठाऊक असलेल्यांनाही ती थोडक्यात सांगितली पाहिजे. १७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी टिपूविरुद्ध एकजूट केली. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती हलवली गेली, आणि स्वामींना मठ सोडून कारकळला आश्रय घ्यावा लागला. तेथून त्यांनी टिपूला लिहिले. टिपूने संतापाने उत्तर दिले, द्रव्य आणि धान्य पाठवले, आणि देवीच्या पुनःस्थापनेला मदत केली. हा पत्रव्यवहार, सुमारे तीस कानडी पत्रे, १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात सापडला. मेष्ट्रुंनी हे सर्व शांतपणे सांगितले. त्यांच्या शब्दांत कडवटपणा नव्हता. ऐकणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मात्र "अय्यो, शारदम्मा!" म्हणून देवळाकडे पाहून हात जोडले. त्या क्षणी मी एका खांबाच्या मागे उभा होतो. मुद्दाम उभा राहिलो होतो असे नाही. परंतु तेथून बाहेरही आलो नाही.

फेरी संपल्यावर मी मेष्ट्रुंना गाठले आणि ओळख दिली. म्हटले, "मेष्ट्रे, ही गोष्ट त्या दिवशी आम्हाला का सांगितली नाही?"

ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्ही पाहुणे होता. मुले बरोबर होती. सकाळच्या वेळी पाहुण्याला त्याच्या घरच्यांचे उणे कोण सांगेल?"

"पण मग ती फेरी अर्धीच झाली."

त्यावर त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुम्हाला ही गोष्ट आज कळली?" असे त्यांनी अगदी सरळपणे विचारले.

मला ती आज कळली नव्हती. महाविद्यालयात असतानाच मी ती वाचली होती. त्या पहिल्या रविवारी खिंडाराजवळ तिची मला आठवणही झाली होती, आणि मेष्ट्रु पुढे निघाले तेव्हा मला बरे वाटले होते. म्हणजे जे अर्धे राहिले ते एकट्या वाटाड्याने ठेवले नव्हते. ते आम्ही दोघांनी मिळून ठेवले होते. आणि दोघांच्या वागण्याला एकच नाव देता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

शृंगेरीचे नाव निघाले की आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. पहिले, ते कृत्य पेंढाऱ्यांचे, भाऊंच्या खड्या फौजेचे नव्हे. दुसरे, टिपूने मदत केली ती राजकारणासाठी. तिसरे, टिपूने कोडगूत आणि मलबारात काय केले ते आधी पाहा. या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. कोडगूतल्या आणि मलबारातल्या कत्तली आणि सक्तीची धर्मांतरे कोणी प्रामाणिक माणूस नाकारणार नाही. मेष्ट्रुंनी मात्र त्या दिवशी कोडगूचे नाव घेतले नाही, कारण त्या मंडळींना टिपू उदार हवा होता, जसा आम्हाला शहाजी हवा होता. परंतु ही उत्तरे न विचारलेल्या प्रश्नांची आहेत. टिपू कसा होता हे त्या वृद्ध बाईंनी विचारले नव्हते. पेंढारी ज्या फौजेच्या आडोशाने चालत होते ती फौज कोणाची होती, एवढेच त्या घटनेत आपल्याकडे येते.

यावर एक अधिक बळकट आक्षेप निघतो, आणि तो मी स्वतःच स्वतःवर अनेकदा घेतला. सव्वादोनशे वर्षांहून जुन्या लुटीशी माझा काय संबंध? मी शृंगेरीला कधी गेलेलो नाही, आणि माझे खापरपणजे त्या वेळी कोकणात नाचणी पिकवत असावेत. दोष हा करणाऱ्याचा असतो. तो रक्तातून उतरत नाही. हे म्हणणे मला निर्विवाद वाटते. फक्त ते म्हणताना मला त्या कॉफीच्या टेबलावरचे वाक्य आठवते: "हे तर आपलेच गाव!" ज्या खापरपणजांचा शृंगेरीशी संबंध नव्हता, त्यांचा शहाजीच्या दरबाराशी तरी कोणता होता?

आपल्या धर्मशास्त्राने या गाठीचा विचार फार बारकाईने केला आहे. पापाचा नव्हे, कर्जाचा. बापाचे कर्ज मुलाने, आजाचे नातवाने फेडावे, असा दंडक होता. आणि तो इतका खोल रुजला होता की इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. आपल्या कायद्यातून तो काढला गेला तो २००५ च्या दुरुस्तीने, आणि तोही त्यानंतरच्या कर्जांपुरता. त्याला अपवादही होते: बापाने जुगारात, दारूत केलेले कर्ज मुलाच्या माथी येत नसे. म्हणजे शास्त्रकारांनाही दुष्कृत्य आणि देणे यांतला भेद स्पष्ट दिसत होता. परंतु मला त्यांचा दुसरा एक नियम अधिक मोलाचा वाटतो. याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे की ज्याने वारसा उचलला त्याने ऋण फेडावे. येथे रक्ताची अट नाही, उचलण्याची आहे. वारसा न घेणारा मोकळा राहू शकतो. शहाजीही माझा नाही, परशुरामभाऊही माझे नाहीत, मी येथे तीन वर्षांच्या बदलीवर आलो आहे, असे जो म्हणेल त्याच्याकडे कोणी काही मागू शकत नाही. तो सुसंगत आहे. मला तसे म्हणता आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. परंतु त्या सकाळी शहाजीचे नाव निघताच माझ्या मनाला जी ऊब आली ती माझ्या परवानगीने आली नव्हती. ती मी उचलून घेतली, खिशात घातली, आणि घरी जाऊन पत्नीलाही सांगितली.

शिवाय त्या उबेतही एक गफलत आहे. बंगळूर शहाजीला 'मिळाले' असे मेष्ट्रु म्हणाले, आम्हीही तसेच म्हणतो. 'मिळणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. त्याला कर्ता लागत नाही. ज्या केंपेगौडाने नांगर सोडून हे शहर वसवले त्याच्या वंशजाचे हे गाव होते, आणि ते गेल्यावर त्या घराण्याला मागडीला जावे लागले. पुढे शहाजीचा मुलगा एकोजी तंजावरला गेला, आणि हे गाव तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकण्याची बोलणी त्याने केली. मध्येच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले, आणि अखेर पैसे मोजून ते चिक्कदेवराजाकडे आले. ज्याला आपण आपलेच गाव म्हणतो ते आपण विकायला काढलेले गाव आहे, ही गोष्ट कोणत्याही फेरीत कोणी सांगत नाही.

या संदर्भात दूरच्या एका शहराचा दाखला द्यावासा वाटतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे जुन्या शहराच्या मध्यावर एक चौक आहे. डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिस्तियानने स्वीडन जिंकून राज्याभिषेक करवून घेतला आणि लगेच, ८ व ९ नोव्हेंबर १५२० रोजी, विरोधातले सरदार, धर्माधिकारी आणि नागरिक यांची या चौकात मुंडकी उडवली. संख्या ऐंशीच्या वर होती. चौकातल्या एका तांबड्या घराच्या दर्शनी भिंतीत पांढरे दगड आहेत. प्रत्येक दगड एकेका शिरासाठी, असे वाटाडे सांगतात. घर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने तसे झाले, म्हणून ती आख्यायिकाच म्हणायची. परंतु तेथे येणाऱ्या डॅनिश प्रवाशालाही ती ऐकावीच लागते. चौक समोर आहे, दगड समोर आहेत. वाटाड्याला सौजन्य दाखवायला जागाच उरत नाही. शृंगेरी बंगळूरपासून तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. आमच्या मौनाला त्या अंतराची मोठी मदत झाली.

परंतु मग मेष्ट्रुंनी काय करायला हवे होते? नऊ मराठी माणसांना, त्यांच्या मुलांसमोर, सकाळच्या प्रसन्न वेळी, तुमच्या लोकांनी असे केले म्हणून सुनवायला हवे होते? मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या पूर्वजांची पापे मोठ्याने वाचून दाखवण्याचा उद्योग आपल्या देशात कमी चाललेला नाही, आणि त्यातून सत्याची वाढ झालेली मी पाहिलेली नाही. पुतळे पडतात, पाट्यांना काळे फासले जाते एवढेच. याच शहरात हडसन सर्कलजवळ १७९१ च्या युद्धात पडलेल्यांचा एक उंच स्मारकस्तंभ होता. कानडी चळवळीच्या रेट्याने तो १९६४ साली पाडला गेला. परकीय विजेत्याचा स्तंभ कोणी का ठेवावा, हे मला समजते. पण इंग्रजांच्या पलटणीतले देशी शिपाईही त्या युद्धात मेले होते, आणि स्तंभाबरोबर त्यांचीही आठवण गेली. मेष्ट्रुंनी आमच्यासमोर जे गिळले ते मला या पाडापाडीपेक्षा सुसंस्कृत वाटते.

आणि तरीही काहीतरी चुकले होते. बराच काळ मी ती चूक वाटाड्याच्या पदरात शोधत होतो, म्हणून ती सापडत नव्हती. आपल्याकडे सावकार भला असला तर चारचौघांत देण्याचा विषय काढत नाही. उलट ऋणको घरी आला की त्याला चहा पाजतो, मुलाबाळांची चौकशी करतो. तो त्याचा मोठेपणा. परंतु त्या मोठेपणाचा फायदा घेऊन जो ऋणको चहा पिऊन, पाय पसरून, "हे घर म्हणजे आमचेच हो!" असे म्हणतो, त्याला आपण काय म्हणतो? यजमानाने न बोलणे आणि पाहुण्याने न बोलणे या बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. खिंडारापाशी मेष्ट्रु गप्प राहिले ते आमच्यासाठी. मी गप्प राहिलो तो माझ्यासाठी. तेथे बोलायचे होते ते मी. "मेष्ट्रे, शृंगेरीचेही सांगा," एवढे चार शब्द. मग त्यांनी ते ज्या सौम्यपणे सांगितले असते तो सौम्यपणा आम्ही मिळवलेला असता, उकळलेला नसता.

आपण बाहेर राहणाऱ्यांनी तर याचा अधिक विचार करायला हवा, असे मला वाटते. आपण काही येथे आलेले पहिले मराठी कारकून नव्हेत. टिपूच्या त्याच वाड्यात १८३१ पासून १८६८ पर्यंत म्हैसूर संस्थानची कचेरी भरत असे, आणि त्या काळच्या दप्तरात कानडीबरोबर मराठीही चालत असे. आपल्या आधी कितीतरी पिढ्या येथे खाऊनपिऊन गेल्या. येथल्या लोकांनी त्यांना काय ऐकवले आणि काय ऐकवले नाही, त्याचा हिशेब कोठल्याच दप्तरात नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत पुण्याहून बहीण, मेहुणे आणि सहावीतला भाचा आले. मेष्ट्रु म्हैसूरला मुलीकडे गेले होते, म्हणून वाटाड्या मीच झालो. वाड्यापुढे मी शहाजी सांगितला. मेहुण्यांनी आनंदाने छायाचित्रे घेतली. केंपेगौडाच्या वंशजाचे आणि मागडीचे मी सांगायचे ठरवले होते, पण तेथे सांगितले नाही. त्यांचा आनंद मोडवला नाही. मार्केटकडची फुलांची गर्दी ओलांडून आम्ही तटापाशी आलो. भाच्याने शिला वाचली, थोडा वेळ विचार केला आणि विचारले,

"मामा, इंग्रज इथून आत आले तेव्हा आपण कुठे होतो?"

'आपण' हा शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता.

"धारवाडला," मी म्हटले. "धारवाडच्या किल्ल्याला आपण वेढा घातला होता."

"इंग्रजांशी लढायला?"

"नाही. इंग्रजांच्या बाजूने. त्यांची एक पलटण आपल्याबरोबर होती."

मेहुण्यांनी घड्याळाकडे पाहिले. भाचा मात्र हलेना. "मग धारवाड घेतलं का?"

"घेतले, एप्रिलमध्ये. आणि मग आपली फौज पुढे निघाली." येथे थांबता आले असते, वर उड्डाणपुलावरून वाहने धडधडत होती आणि बहीण फुलांचा भाव करीत होती. मी त्याला शृंगेरीची गोष्ट सांगितली, पेंढारी कोण होते ते सांगितले, पत्रांचे सांगितले. मागडीचेही तेथेच सांगितले. त्याने मध्ये काही विचारले नाही. सगळे संपल्यावर म्हणाला, "शृंगेरी इथून लांब आहे का?"

"रात्रीच्या बसने जाता येते."

"मग जाऊ या ना."

मेहुणे म्हणाले, परतीची तिकिटे मंगळवारची आहेत.